मेणाची जखम आणि करुणेचा धर्म

मेणाने घडविलेली जखम पाहून प्रेक्षकाच्या पोटात खरोखरची कालवाकालव होते आणि ती जखम खोटी आहे हे पक्के ठाऊक असूनही ती कालवाकालव थांबत नाही, या सर्वपरिचित अनुभवात दोन प्रश्न दडलेले आहेत. असत्य कारणापासून सत्य कार्य कसे उत्पन्न होते, हा पहिला प्रश्न ज्ञानाचा आहे. आणि अशा रीतीने दुसऱ्याच्या मनात करुणा जागी करण्याचा अधिकार कोणाला व कोणत्या अटीवर असतो, हा दुसरा प्रश्न धर्माचा, म्हणजे कर्तव्याकर्तव्याचा आहे. पहिल्या प्रश्नाचा ऊहापोह भारतीय परंपरेत फार खोलवर झालेला आहे. दुसरा मात्र बहुधा बाजूला पडत आला आहे, आणि अधिक निकडीचा तोच आहे.

या विवेचनापूर्वी प्रत्यक्ष कारागिरी समजून घेणे आवश्यक आहे. रंगभूषाकार ज्याला स्कार वॅक्स म्हणतात, ते पॅराफिनचे किंवा मधमाश्यांचे मेण पेट्रोलियम जेलीसारख्या स्निग्ध पदार्थाने मऊ करून, त्यात त्वचेच्या जवळपासचा रंग मिसळून तयार केलेले असते. त्वचा पुसून कोरडी केल्यावर तिच्यावर स्पिरिट गमचा, म्हणजे अल्कोहोलमध्ये राळ विरघळवून केलेल्या चिकट द्रवाचा, पातळ थर देतात; तो चिकट लागू लागला की बोटांच्या उबेने मळलेला मेणाचा लहानसा गोळा त्यावर दाबतात आणि स्पॅच्युलाने, म्हणजे बोथट पात्याच्या लहान पट्टीने, त्याच्या कडा इतक्या पातळ करतात की मेण कोठे संपते आणि कातडी कोठे सुरू होते हे डोळ्याला कळू नये. या कडाच सर्वांत अवघड असतात. मधली चीर पाडणे त्यामानाने सोपे असते. चिरेच्या तळाशी काळसर किरमिजी, काठांना तांबडा आणि भोवती सुजेचा फिकट गुलाबी रंग भरून शेवटी ग्लिसरीन किंवा साखरेच्या पाकात कालवलेले रक्त सोडतात, ज्यात ताजेपणा दाखविण्यासाठी शुद्ध लाल आणि शिळेपणा दाखविण्यासाठी चिमूटभर कॉफी किंवा निळ्या रंगाचा थेंब घालतात. कपाळ, गाल किंवा नाकाचे हाड अशा कमी हलणाऱ्या जागी मेण टिकते. कोपर, मनगट, गुडघा येथे ते तडकते, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम व अंगाची ऊब यांनी थोड्या वेळात सुटू लागते, म्हणून लांबलचक चित्रीकरणासाठी सिलिकॉन किंवा जिलेटिन वापरणे अनेकांना सोयीचे वाटते.

खरी जखम कशी असते, हे ज्या वस्तीत रोजच्या कामाचा भाग म्हणून ठाऊक असते तेथे ही कारागिरी ठेवून पाहिली म्हणजे तिचे वेगळेपण उमगते. नवी मुंबईतील नेरूळ नोडमध्ये आज उंच इमारतींनी वेढलेले सारसोळे हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव असून, पामबीच मार्गाच्या खाडीकडील अंगाला तिवरांच्या आडोशाने सारसोळेची जेट्टी आहे. खाडीच्या चिखलात उतरणाऱ्याच्या तळपायाला कालवांच्या शिंपांची कड लागली की पडणारी चीर सरळ नसते. तिचे काठ वेडेवाकडे असतात, आत गाळ अडकून राहतो आणि खाऱ्या पाण्यात भिजत राहिल्याने कातडी पांढुरकी होऊन फुगते. याउलट शिंगाळ्याचा काटा बोटात शिरला तर बाहेरून दिसतो तो जेमतेम एक ठिपका, कित्येकदा रक्ताचा थेंबही येत नाही, परंतु त्या काट्याच्या विषामुळे ठणका असा लागतो की हात वर धरून बसावे लागते. म्हणजे वेदना आणि दर्शन यांचे प्रमाण निसर्गात सारखे नसते. रंगभूषाकाराला मात्र वेदना नावाची सामग्रीच उपलब्ध नसल्यामुळे सगळा भार दर्शनावर टाकावा लागतो, आणि म्हणूनच मेणाची जखम बहुतेक वेळा खऱ्या जखमेपेक्षा अधिक जखमेसारखी दिसते. डोळ्याला पटणारी गोष्ट आणि शरीराने सोसलेली गोष्ट यांतील हे अंतर पुढील सर्व विचाराच्या मुळाशी आहे.

असत्यापासून सत्य परिणाम कसा होतो, हा प्रश्न शंकराचार्यांपुढे वेगळ्या संदर्भात उभा राहिला होता. जग मिथ्या असेल, तर त्याच जगाचा भाग असलेल्या वेदान्तवाक्यापासून सत्य ब्रह्मज्ञान कसे होईल, असा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात घेतला जातो, आणि त्याचे उत्तर देताना आचार्य व्यवहारातील दाखले देतात: विष अंगात गेले आहे या नुसत्या शंकेनेही माणसाला मरण आल्याचे दिसते, आणि स्वप्नातील सर्पदंश खोटा असला तरी त्या दंशाचे जे ज्ञान झाले ते ज्ञान म्हणून खोटे नसते. वस्तू बाधित होते, म्हणजे नंतरच्या ज्ञानाने खोटी ठरते. पण तिचा अनुभव झाला होता ही गोष्ट बाधित होत नाही. मेणाच्या जखमेला हे उत्तर लागू पडते, तथापि अर्धेच. दोरीच्या जागी दिसलेला साप दिवा आणताच नाहीसा होतो आणि भीतीही त्याच्याबरोबर जाते. नाट्यगृहातील प्रेक्षकाजवळ मात्र तो दिवा पहिल्यापासूनच असतो, जखम खोटी असल्याचे त्याला तिकीट काढतानाच माहीत असते, आणि तरीही त्याचे डोळे पाणावतात. तेव्हा हा भ्रम नव्हे.

भ्रम नव्हे तर काय, याचे सर्वांत सूक्ष्म उत्तर नवव्या शतकातील काश्मीरचा पंडित श्रीशंकुक याने दिले, जे अभिनवगुप्ताने आपल्या नाट्यशास्त्राच्या टीकेत नोंदवून ठेवल्यामुळे आज उपलब्ध आहे. चित्रात काढलेल्या घोड्याला पाहणारा घोडाच म्हणतो. पण हे ज्ञान खऱ्या घोड्याच्या ज्ञानासारखे यथार्थ नसते, भ्रमासारखे खोटेही नसते, हा घोडा आहे की नाही असा संशयही त्यात नसतो आणि हे घोड्यासारखे काहीतरी आहे असे केवळ सादृश्याचे ज्ञानही ते नसते. या चारांहून वेगळी अशी ही पाचवी प्रतीती ‘चित्रतुरगन्याय’ या नावाने ओळखली जाते. अभिनवगुप्ताने शंकुकाच्या अनुमानवादाचे, म्हणजे प्रेक्षक नटावरून मूळ पात्राच्या भावाचे अनुमान करतो या मताचे, खंडन केले, आणि ते योग्यच होते, कारण अनुमानाने माहिती मिळते, रस मिळत नाही. त्याच्या मते नाट्यात दुःख कोणा एकाचे उरत नाही. ते देश, काळ आणि व्यक्ती यांच्या बंधनातून सुटून सर्वांचे होते, आणि या प्रक्रियेला भट्टनायकापासून साधारणीकरण म्हटले जाते. मुकुट, वेष आणि रंग यांचे काम नटाची स्वतःची ओळख झाकून या प्रक्रियेतील एक अडथळा दूर करणे, एवढेच अभिनवगुप्त मानतो. मेणाची जखमसुद्धा मूलतः असे आच्छादन आहे: ती नटाच्या धडधाकट शरीराला झाकते, म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष त्या धडधाकटपणात अडकून पडत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्राने या बाह्य साधनांना आहार्य अभिनय असे नाव देऊन त्यांना स्वतंत्र अध्याय दिला, आणि रंगभूमीवरील वस्तू हलक्या असाव्यात म्हणून कापड, लाख, अभ्रक यांच्याबरोबर मेणाचाही उपयोग सांगितला. मात्र त्याच ग्रंथात शस्त्रांच्या बाबतीत एक ठाम मर्यादा घातलेली आहे: रंगमंचावर खरोखर भोसकायचे नाही, कापायचे नाही, प्रहार करायचा नाही; फक्त खूण दाखवायची. युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता सूचित कराव्यात, असाही संकेत तेथे आढळतो. भासाच्या नावावर असलेल्या ऊरुभंगाने हा संकेत मोडला. त्यात मांड्या चिरडलेला दुर्योधन प्रेक्षकांसमोर सरपटत येतो आणि त्यांच्यासमोरच प्राण सोडतो. परंतु त्या नाटकातील जखम सर्वाधिक जाणवते ती रक्ताच्या वर्णनाच्या वेळी नव्हे, तर लहानगा दुर्जय नेहमीच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसायला येतो आणि बापाला त्याला अडवावे लागते तेव्हा. 1912 मध्ये टी. गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून हे नाटक प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्याच्या शोकान्तिकेविषयी पुष्कळ लिहिले गेले. या एका क्षणाचे शिक्षण मात्र प्रत्येक रंगभूषाकाराला मिळाले पाहिजे, कारण जखमेचा आकार कितीही मोठा केला तरी तिच्यामुळे काय करता येईनासे झाले हे दाखविल्याशिवाय ती दुसऱ्याच्या शरीरावरून स्वतःच्या मनात उतरत नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहासही ठळक दर्शन आणि सूचन या दोन टोकांमध्ये हिंदकळत आला आहे. 1843 मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भावे यांच्या परंपरेतील पौराणिक नाटकांत राक्षसांच्या आरोळ्या आणि झटापटी यांचाच दणका इतका असे की पुढच्या पिढीने त्यांना अलल्डुर नाटके असे नावच देऊन टाकले. चित्रपटाने कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ नेला की दूरच्या रांगेसाठी केलेला ठळक रंग निरुपयोगी ठरला आणि सूक्ष्म काम करणारी रंगभूषाकारांची नवी पिढी पुढे आली. ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे विक्रम गायकवाड हे तिच्यातील अग्रगण्य नाव. नेमक्या याच सूक्ष्मतेमुळे दुसरा प्रश्न, म्हणजे अधिकाराचा प्रश्न, अधिक तीव्र झाला आहे.

अभिनवगुप्ताने रसाच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांपैकी एक आहे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या आहारी जाणे. नवी मुंबईच्या मूळ गावांच्या संदर्भात या विघ्नाचा अर्थ फार स्पष्ट दिसतो. 1970 मध्ये सिडको हे नगरविकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर या पट्ट्यातील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या, आणि जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. या प्रसंगावर कोणी उद्या नाटक किंवा चित्रपट केला आणि त्यात गोळीची जखम मेणाने हुबेहूब उभी केली, तर नाशिक-नागपूरच्या प्रेक्षकाला करुण आणि वीर रसाचा अनुभव येईल. सारसोळेसारख्या प्रकल्पग्रस्त गावातील वयस्क माणसाला मात्र रस येणार नाही, त्याला आठवण येईल, आणि आठवणीत साधारणीकरण नसते, त्यात नाव असते, गाव असते, कधी नातेही असते. म्हणून अशी जखम घडवूच नये, असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण मग ज्यांनी सोसले त्यांचीच कथा सांगता येणार नाही. परंतु ज्यांची जखम आहे त्यांना विचारून, त्यांच्या मांडणीला मान देऊन ती घडविणे हे कलावंताचे कर्तव्य ठरते. तेथे केवळ हुबेहूबपणा हे प्रमाणपत्र पुरत नाही.

मग खोटी जखम कोणत्या कसोटीवर सत्याच्या बाजूची ठरते? पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्य या यमाचे, म्हणजे आचरणातील मूलभूत नियमाचे, जे विवरण आहे ते येथे उपयोगी पडते. तेथे वाणीविषयी म्हटले आहे की ती फसवणारी नसावी, भ्रमातून निघालेली नसावी आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध न देणारी नसावी. शिवाय ती सर्व भूतांच्या हितासाठी वापरलेली असावी. ही कसोटी वाणीपुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही, कारण अंगावर रंगविलेली जखमही पाहणाऱ्याशी बोलतच असते.

ही कसोटी ज्या ठिकाणी सर्वांत स्वच्छपणे लागू पडते ते नाट्यगृह नसून आपत्तीचा सराव आहे. वैद्यकीय शिक्षणात आणि बचावकार्याच्या प्रशिक्षणात जखमांच्या प्रतिकृती करण्याच्या विद्येला मुलाज म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅं लुई रुग्णालयात ज्यूल बारेत्ता याने त्वचारोगांच्या मेणाच्या प्रतिकृती करून या विद्येला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेल्या 1989 च्या धोकादायक रसायनांविषयीच्या नियमांनुसार कारखान्याच्या आवारातील आपत्कालीन योजनेचा सराव दर सहा महिन्यांनी घ्यावा लागतो, आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या शेजारी वसलेल्या शहराला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. 7 मे 2025 रोजी देशभर झालेल्या ‘ऑपरेशन अभ्यास’ या नागरी संरक्षणाच्या सरावाच्या यादीत उरणचेही नाव होते. अशा सरावात स्वयंसेवकाच्या दंडावर भाजल्याचे फोड आणि मांडीवर उघडे हाड मेणाने दाखविलेले असेल, तर जखमींची वर्गवारी करणाऱ्याला लाल, पिवळी, हिरवी की काळी चिठ्ठी बांधायची याचा निर्णय डोळ्यांनी पाहून करावा लागतो, आणि रक्त पाहून गांगरण्याचा पहिला धक्का खऱ्या रुग्णाऐवजी खोट्या रुग्णापाशीच ओसरतो. येथे जखम खोटी आहे हे सर्वांना सांगितलेले असते, म्हणून ती फसवणारी नाही; ती शरीरशास्त्राला धरून असते, म्हणून भ्रमातून आलेली नाही; आणि तिच्यापासून बोध होतो. उलट, छातीवर ‘गंभीर जखमी’ अशी कागदाची पाटी अडकवून सराव उरकला, तर तो शब्दशः खरा असूनही बोधशून्य राहतो. व्यासभाष्याची तिसरी अट नेमकी याच पळवाटेवर बोट ठेवते.

दुसऱ्या टोकाला बुवाबाजी आहे. सुरीच्या पात्याला जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून तो वाळू दिला आणि त्या सुरीने लिंबू कापले, तर लिंबातील आम्लाने रस लाल होतो आणि लिंबातून रक्त आले असे भासते. हळदीत चुना मिसळला की तीही लाल होते. हीच रक्ताची बतावणी भोंदू माणूस करणीचा पुरावा म्हणून दाखवतो आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा कार्यकर्ता शाळेच्या वर्गात प्रयोग म्हणून दाखवतो. द्रव्ये तीच, हातचलाखी तीच. फरक इतकाच की एक जण कारण झाकतो आणि दुसरा उघडे करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्राने जो कायदा केला, त्यात चमत्काराच्या प्रदर्शनाने लोकांना फसविणे, ठकविणे आणि त्यांच्यावर दहशत बसविणे हा गुन्हा मानला आहे. कायद्याने आक्षेप घेतला तो लाल रंगावर नव्हे, तर त्या रंगाच्या आधारे दुसऱ्याची भीती व भक्ती लुबाडण्यावर, आणि धर्मविचारानेही रेषा येथेच ओढली पाहिजे.

ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात कर्मयोग्याच्या अलिप्ततेसाठी बहुरूप्याचा दाखला येतो: राजा-राणीचे सोंग आणणाऱ्यांच्या मनात स्त्री-पुरुषभाव नसतो, तरी लोकांसमोर ते सोंग यथासांग वठवतात. मराठी संतांनी दंभावर अतिशय कठोर प्रहार केले, पण सोंग वठवणाऱ्या नटाला दांभिक मानले नाही, उलट ज्ञानी पुरुषाला त्याची उपमा दिली, यावरून सोंग आणि ढोंग यांतील भेद या परंपरेला पुरता ठाऊक होता असे दिसते. पोतराजाचा दाखला आणखी बिकट आहे. मरीआईच्या नावाने तो आसुडाचे फटके स्वतःच्या अंगावर ओढतो. त्याच्या दंडावरचे वळ खरे असतात, पण ते पाहणाऱ्यांसाठी पाडलेले असतात. येथे जखम खोटी नाही, सोंग मात्र आहे, आणि त्यामागे भक्ती किती व पोटाची आग किती हे रस्त्यावरून जाणाऱ्याला ठरवता येत नाही.

महाराष्ट्राच्या कायद्याने हे ठरविण्याची तसदीच घेतलेली नाही. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, 1959 यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखविणे या निमित्ताने दान मागणे येते, आणि दान मिळविण्याच्या हेतूने व्रण, जखम, इजा, व्यंग किंवा रोग, मग तो माणसाचा असो वा जनावराचा, उघडा करून दाखविणेही येते. जखम खरी आहे की बनावट, असा भेद ही व्याख्या करीत नाही. पहिल्या खेपेस दोषी ठरलेल्या व्यक्तीला एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद या अधिनियमात आहे. दिल्लीत लागू केलेल्या त्याच्या अनेक तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 रोजी घटनाबाह्य ठरविल्या, परंतु तो निर्णय दिल्लीपुरता होता. अशा स्थितीत मेणाची जखम पडद्यावर दाखविणाऱ्याला मानधन मिळते, ती उत्तम वठली तर पुरस्कारही मिळतो आणि ते योग्यच आहे. पण नेरूळ स्थानकाच्या जिन्यावर बसून आपल्या पायाची खरी, न भरणारी जखम दाखविणारा माणूस केवळ ती दाखविल्यामुळे कायद्याच्या कक्षेत येतो. करुणा जागी करणे हा गुन्हा असेल, तर तो दोघांचाही असला पाहिजे. नसेल, तर ज्याला तिची अन्न-औषधासाठी गरज आहे त्याचा तो मुळीच असू शकत नाही.

बनावट जखमेने फसविणाऱ्याविरुद्ध फसवणुकीचे सर्वसाधारण कायदे पुरेसे आहेत आणि मुलांना किंवा दुर्बळांना भीक मागण्यास लावणाऱ्या टोळ्यांविरुद्ध कठोर तरतुदी अवश्य असाव्यात. परंतु खरी जखम उघडी करणे हाच अपराध मानणारा शब्दसमूह 1959 च्या अधिनियमातून महाराष्ट्र विधिमंडळाने काढून टाकावा, आणि नाट्यगृहातून डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मराठी प्रेक्षकाने ही मागणी आपली मानावी.